लहान तोंडी मोठा घास
(संवादाच्या आड : लेखांक ६)

१३ जानेवारी १९८२ ची दुपार. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर बर्फ पडतोय आणि एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ उड्डाणाच्या रांगेत ताटकळलंय. पंखांवर बर्फ धरू नये म्हणून द्रावण फवारलं, त्यालाही बराच वेळ होऊन गेलाय. सहवैमानिक इतर विमानांवर लोंबणाऱ्या बर्फाविषयी बोलतो. मग, ही फवारणी म्हणजे नुसतं मनाचं समाधान, असं पुटपुटतो. थोड्या वेळानं, एवढं थांबलोय तर पंख पुन्हा एकदा बघून घेऊ या, असं सुचवतो. कॅप्टनचं उत्तर येतं : आता निघायचंच आहे मिनिटभरात.

विमान धावू लागतं. इंजिनातल्या दाब मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फ धरल्यामुळे काटा भरपूर जोर दाखवतोय, प्रत्यक्षात इंजिनं त्याहून बऱ्याच कमी जोरानं चालली आहेत. काहीतरी जुळत नाही, हे सहवैमानिकाच्या ध्यानात येतं. हे बरोबर वाटत नाही, असं तो एकदा सोडून अनेकदा म्हणतो. कॅप्टन वेगाचा आकडा वाचतो आणि बरोबरच आहे म्हणतो. सहवैमानिक पुन्हा ‘नाही वाटत’ म्हणतो आणि लगेच स्वतःच माघार घेतो : असेलही कदाचित. पुढच्या काही क्षणांत विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून गोठलेल्या पाण्यात गेलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण दगावले.

चौकशीत ठपका कॅप्टनवर आला. लक्ष वेधूनही त्यानं उड्डाण थांबवलं नाही. ते योग्यच. पण त्या संवादातलं दुसरं टोकही बघायला हवं. सहवैमानिकाला विचारता आलं असतं, तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की मी बोललो होतो. आणि तो बोललाच होता. फक्त प्रत्येक वेळी त्यानं मुद्दा कॅप्टनच्या दाराशी ठेवला आणि आत नेण्याचं काम कॅप्टनवर सोडलं.

गेल्या लेखात एलिझाबेथ न्यूटन यांचा १९९० चा स्टॅनफर्डमधला प्रयोग आला होता. एकानं मनातलं ओळखीचं गाणं टेबलावर बोटांनी वाजवायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द-सुरांसकट गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. साहेबाला दिलेल्या सूचक इशाऱ्याचं तेच होतं. ‘पंख बघून घेऊ या का?’ या प्रश्नामागची सगळी भीती विचारणाऱ्याच्या डोक्यात असते. ऐकणाऱ्याला ती गप्पांतली एक ओळ वाटते.

मग इशारे द्यायचेच कशाला? सरळ सांगावं ना!

नासासाठी काम करणाऱ्या ज्युडिथ ओरासानू आणि त्यांच्या सहकारी युट फिशर यांनी नेमकं हेच तपासलं. समोर वादळ दिसतंय आणि शेजारचा वैमानिक मार्ग बदलत नाही; तुम्ही काय म्हणाल? कॅप्टन मंडळींनी बहुधा थेट हुकूम निवडला : वळवा. सहवैमानिकांचा कल आडून बोलण्याकडे होता : पुढे जरा जास्तच दाट दिसतंय नाही? धोका दोघांनाही सारखाच दिसत होता. वाक्य ठरत होतं ते खांद्यावरच्या पट्ट्यांवरून.

लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, हे आपल्याकडे बाळकडूतच मिळतं. त्यामुळे हा आपलाच, फार तर पूर्वेकडचा रोग, असं मानण्याची एक सोय आहे. ती फसवी आहे. पोटोमॅकचे दोघे वैमानिक अमेरिकन होते. त्याआधी, २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, तेव्हा केएलएम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधले तिघेही डच. परवानगी न मिळताच कॅप्टननं विमान पळवायला सुरुवात केली होती. समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवर आहे की काय, असं फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं. कॅप्टन ठासून म्हणाला, गेलं की! इंजिनिअर गप्प बसला. हा कॅप्टन म्हणजे कंपनीच्या वैमानिकांना जंबो शिकवणारा मुख्य गुरू, त्याचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत झळकत असे. अशा माणसाला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला छाती लागते.

पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान चाकांच्या बिघाडात अडकलेल्या कॅप्टनच्या हाताखाली तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. इंधनाची आठवण इतरांनी दिली होती, अर्थात बेतानं. १९७९ मध्ये नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली. १९८१ पासून युनायटेडनं वैमानिकांना एकमेकांशी बोलण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. जुन्या कॅप्टनांपैकी काहींनी त्याची टवाळी केली. आज जगभर ते सक्तीचं आहे.

तरीही मंगळूर घडलं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी आठ वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात पहिला दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टनच्या झोपेचा होता, अधूनमधून घोरणं ऐकू येत होतं. विमान फार उंचावरून उतरतंय हे दिसल्यावर सहवैमानिकानं तीनदा सांगितलं की उतरू नका, पुन्हा वर घ्या. इथे आडपडदा नव्हता. पण अर्धवट झोपेतून उठलेल्या, उतरायचंच असं मनाशी पक्कं केलेल्या माणसापर्यंत ते पोचलं नाही, आणि सहवैमानिकानं विमान स्वतःच्या हातात घेतलं नाही. स्पष्ट बोललं की काम झालं, असं समजणाऱ्यांनी हा अहवाल वाचावा.

वैमानिकांनी शिकलेला धडा शस्त्रक्रियागृहात पोचायला वेळ लागला. तिथेही उतरंड आहेच. सर्जनच्या हातमोज्याचा स्पर्श भलतीकडे झाला, हे पाहिलेल्या नर्सला ‘सर, मोजे बदला’ म्हणणं सोपं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. त्यामागे होते बॉस्टनचे सर्जन अतुल गवांदे. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. यादीत प्रतिजैविक दिलं का, रक्ताची सोय आहे का, असे अपेक्षित प्रश्न आहेत. त्यातच एक वरवर पोरकट वाटणारी बाब आहे : चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. गवांदेंचं म्हणणं असं की सुरुवातीलाच ज्यानं एकदा तोंड उघडलंय, तो नंतर अडचण दिसली तर बोलण्याची शक्यता वाढते. पहिलं वाक्य बोलण्याचाच काय तो संकोच असतो.

दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गंभीर गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. यातलं किती श्रेय नावं सांगण्याचं आणि किती वेळेवर दिलेल्या औषधाचं, हे वेगळं काढणं कठीण आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्क्यांनी यादीविषयी कुरकुर केली : वेळखाऊ आहे, उपयोग दिसत नाही. मग सगळ्यांनाच आणखी एक प्रश्न विचारला गेला. उद्या तुमच्यावरच शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर ही यादी वापरलेली हवी का? एकूण ९३ टक्के जण हो म्हणाले.