मेडिकलच्या काउंटरवर विचारा आणि सांगाही

ताप आला, खोकला झाला, गुडघा दुखू लागला की आपण आधी कुठे जातो? दवाखान्यात नाही, नाक्यावरच्या मेडिकलमध्ये. दवाखान्यात गेले की दिवसाचा रोज बुडतो, वर फी लागते. मेडिकलवाला भाऊ ओळखीचा असतो, दोन गोळ्या सुट्ट्याही देतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एका वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. औषध देणाऱ्या माणसाला रोगाबद्दल काय शिकवले जाते आणि त्याचा आपल्याला काय उपयोग?

एका तपासणी शिबिरात आमच्याकडे एक आजी आल्या. पायावर सूज होती, बीपी वाढलेले होते. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. बीपीच्या दोन गोळ्या होत्या, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. शिवाय कागदात गुंडाळलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या. "आजी, या कोणी दिल्या?" "मेडिकलातून आणते बाई. दोन महिने झाले, रोज एक घेते. बरं वाटतं." रक्त तपासले तेव्हा किडनीवर ताण आलेला दिसला.

दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि किडनीकडे जाणारे रक्त कमी करतात. बीपीची काही औषधे आणि लघवीची गोळी सोबत असली तर हा धोका आणखी वाढतो. गुडघ्याची गोळी देताना "आजी, बीपीची औषधं चालू आहेत का?" एवढे कोणी विचारले असते तर बरेच टळले असते. हा प्रश्न विचारायला शिकवणे, हेच या शिक्षणाचे मर्म आहे.

वर्गातून वॉर्डात

आपल्याकडे फार्मसीचे शिक्षण बराच काळ कारखान्याकडे तोंड करून होते. गोळी कशी बनते, तिच्यात काय असते, ती किती दिवस टिकते, यावर भर होता. ती गोळी पोटात गेल्यावर त्या माणसाचे काय होते, हे पाहायला विद्यार्थी रुग्णाजवळ फारसा जात नसे.

2008 साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने फार्म.डी. हा अभ्यासक्रम सुरू केला. तो सहा वर्षांचा आहे. पाचव्या वर्षी विद्यार्थी रोज सकाळी डॉक्टरांसोबत वॉर्डात राउंडला जातो. सहावे वर्ष पूर्ण रुग्णालयात जाते: सहा महिने जनरल मेडिसिन आणि मग दोन-दोन महिने इतर तीन विभागांत. दोन वर्षांच्या डी.फार्म.च्या 2020 च्या नव्या नियमांतही रोग आणि त्यावरचे औषधोपचार हा स्वतंत्र विषय आहे. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये बहुतेक डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेलेच असतात, म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची.

वॉर्डात विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. तो केसपेपर वाचतो, रक्ताचे रिपोर्ट पाहतो, खाटेशी बसून विचारतो: घरी कोणती औषधे चालू आहेत, झाडपाल्याचे काही घेता का, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते का? मग एकेक गोळी ताडून बघतो. ही कशासाठी? मात्रा बरोबर आहे का? दोन औषधे एकमेकांच्या आड येतात का? चूक दिसली तर ती डॉक्टरांच्या लक्षात आणून देतो. रुग्ण घरी निघाला की औषधे समजावून सांगतो. तेव्हा "समजलं का?" असे विचारायचे नाही, हेही शिकवले जाते. कारण आपण सगळेच "हो" म्हणतो. विचारायचे असे: "मावशी, आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कशी घेणार?"

प्रत्येक वॉर्डाचा धडा वेगळा

सगळ्या विभागांतून का फिरवायचे? कारण औषध तेच असले तरी माणूस बदलला की हिशेब बदलतो.

मुलांच्या वॉर्डात वजन पाहून औषध द्यायला शिकतात. तापाचे पॅरासिटामॉल घ्या. मुलाला एका वेळी दर किलो वजनामागे 10 ते 15 मिलीग्रॅम लागते. म्हणजे 10 किलोच्या बाळाला 100 ते 150. आता बाटल्या बघा. एका सिरपच्या 5 मिलीमध्ये 125 मिलीग्रॅम असते, दुसऱ्याच्या 5 मिलीमध्ये 250. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर 1 मिलीमध्येच 100. पहिल्या बाटलीतून एक चमचा, म्हणजे 5 मिली, बरोबर. दुसरीतून अर्धा. थेंबांच्या बाटलीतून आईने पूर्ण चमचा पाजला तर बाळाच्या पोटात 500 मिलीग्रॅम जाते. तीन बाटल्यांवर औषधाचे नाव मात्र एकच असते.

छातीच्या विभागात टीबीचे रुग्ण असतात. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याला घाबरून औषध सोडायचे नाही. पण त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे ताईला आधी सांगावे लागते. प्रसूती विभागात विद्यार्थी शिकतो की बीपीची, फिटची काही औषधे पोटातल्या बाळाला बाधतात. मात्र ती स्वतःहून बंद करायची नसतात, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असतात.

त्वचेच्या विभागात गजकर्णाचे रुग्ण येतात. वस्तीत हा त्रास घरोघरी दिसतो. मेडिकलमधून आणलेल्या काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते आणि कातडी पातळ होते. मग तीच ट्यूब पुन्हा आणली जाते.

सिकलसेलचा प्रश्न

यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण हा आजार आपल्या घरातला आहे. विदर्भात आदिवासींसोबत आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पण आजारी पोराला घेऊन आई आधी येते ती मेडिकलमध्येच.

पोरगी पिवळी पडली, थकते, हातपाय दुखतात. काउंटरवरून मिळते रक्तवाढीची बाटली, म्हणजे लोह. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी आहे म्हणूनच असे नाही. ज्याला वारंवार रक्त चढवले जाते त्याच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते. म्हणून तपासणी झाल्याशिवाय लोह देऊ नये. फॉलिक ॲसिडची गोष्ट वेगळी, ते डॉक्टर बहुधा देतातच.

दुसरे औषध हायड्रॉक्सियुरिया. ते रोज घ्यायचे असते आणि त्याचा गुण यायला काही महिने लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून अनेकजण सोडून देतात. ते चालू असताना ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे लागते. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर मेडिकलच्या गोळीवर वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्याने वॉर्डात कळांनी तळमळणारे मूल पाहिले आहे, तो फार्मासिस्ट बाटली हातात देण्याआधी विचारेल: "ताई, सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"

मग आपण काय करायचे?

हे शिक्षण अजून प्रत्येक काउंटरवर पोचलेले नाही. काही ठिकाणी परवाना एकाचा आणि औषध देणारा दुसरा असतो. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. म्हणून "फार्मासिस्ट आहेत का?" असे विचारायला लाजू नका. आणि त्यांनी विचारायच्या आधीच पुढच्या गोष्टी सांगा:

1. औषध कोणासाठी आहे, वय किती. लहान मूल असेल तर वजन.
2. बीपी, शुगर, दमा, किडनी, फिट, सिकलसेल यांपैकी काही आहे का. कार्ड असेल तर दाखवा.
3. आधीपासून कोणती औषधे चालू आहेत. नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटे घेऊन जा.
4. दिवस गेले आहेत का, किंवा बाळ अंगावर पिते का.
5. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला होता.

औषध घेऊन निघताना तीन गोष्टी विचारा: ही गोळी कशासाठी? किती दिवस? काय झाले तर थांबवून डॉक्टरांकडे जायचे? सिरपचे माप बाटलीसोबतच्या झाकणाने किंवा ड्रॉपरने घ्या, घरच्या चमच्याने नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फार्मासिस्ट कितीही शिकलेला असला तरी तो रोगाचे निदान करणारा डॉक्टर नाही. छातीत दुखणे, धाप लागणे, झटके, न उतरणारा ताप, रक्त पडणे यासाठी काउंटरवर उभे राहू नका, दवाखान्यात जा. चांगला फार्मासिस्ट स्वतःच तुम्हाला तिकडे पाठवतो.

आणि ज्या घरात मूल बारावी सायन्सला आहे, त्यांनी या वाटेचाही विचार करावा. कॉलेज निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात जातात आणि किती दिवस? वॉर्डात न जाता मिळालेल्या पदवीने हे प्रश्न विचारता येणार नाहीत.

त्या आजींची दुखण्याची गोळी डॉक्टरांनी बंद केली, गुडघ्यासाठी व्यायाम आणि दुसरे औषध दिले. सूज उतरली. आता त्या मेडिकलमध्ये जाताना औषधांची पिशवी सोबत नेतात आणि काउंटरवर आधी तीच ठेवतात.