रोपांच्या आधी ग्रामसभा

पर्यावरण रविवार जवळ आला की मंडळ्यांकडून विचारणा होते, आदिवासी गावांसाठी किती रोपे पाठवू? विचारणाऱ्यांचा भाव चांगलाच असतो. पण गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात झाडांची वाण नाही. तिथे प्रश्न असा की, उभे जंगल राखायचे कोणी आणि त्याविषयीचा निर्णय कोणाच्या हाती? हवामान बदलाला तोंड देणारी लोकचळवळ या प्रश्नापासून सुरू होते. ती कशी उभी राहते हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाकडे पाहिल्यास समजते.

१९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम येथील नियोजित धरणांविरुद्ध या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. पुढे मेंढ्याच्या लोकांनी आपली ग्रामसभा बळकट केली. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तरी चर्चा चालू राहते. (आपल्या पास्टोरेट कमिटीत हे चालेल का, याचा विचार मनात येतोच!) गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी याला अभ्यास गटाची जोड दिली. विषय आधी तिथे समजून घ्यायचा, मग सभेत ठरवायचे. वेळ लागतो, पण सर्वांनी मिळून ठरवलेला नियम मोडणे कोणालाही जड जाते.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही गावाला आपला बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे तेव्हा बांबू म्हणजे झाड होते, तर नव्या कायद्याप्रमाणे ते गौण वनोपज. या वादात वाहतुकीचा परवाना अडला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये, तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा, परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

याचा हवामानाशी काय संबंध? वणव्याचे उदाहरण घ्या. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत अनेक भागांत आहे. ती आग पसरते, कोवळी रोपे जळतात, वर्षानुवर्षे झाडांत साठलेला कार्बन हवेत जातो. सरकारी फलक लावून ही रीत थांबत नाही. जंगल आपले आहे आणि उद्याची चूल त्यावरच पेटणार आहे हे ज्या गावाला पटले, तेच गाव पाचोळा झाडून घ्यायचे ठरवते आणि राखणीची पाळीही लावते. शिवाय ऐन वेचणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की मोहफुले खराब होतात. या संकटात आपला वाटा फारच थोडा असलेले लोक त्याचा मार आधी खातात.

उत्पत्तीमधील बागेची राखण करण्याची आज्ञा आपण उपदेशांत पुष्कळदा ऐकतो. नाबोथाच्या द्राक्षमळ्याविषयी मात्र क्वचितच ऐकतो. वाडवडिलांचे वतन त्याने राजालाही देण्याचे नाकारले. माझ्या मते आदिवासींच्या जंगलाचा प्रश्न या दुसऱ्या अध्यायाजवळचा आहे. म्हणूनच मिशनने येथे पुढारी होऊ नये. गावातील काही घरे ख्रिस्ती असतील, बहुतेक नसतील. ग्रामसभा सर्वांची आहे, आणि आपली मदत कोणाच्या श्रद्धेवर अवलंबून असता कामा नये.

मदत मात्र पुष्कळ लागते, आणि ती फोटोत दिसणारी नसते. ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, तीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. मग हद्दीचा नकाशा, निस्तार हक्काच्या जुन्या नोंदी, वडीलधाऱ्यांचे जबाब गोळा करायचे. दावा उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक हेलपाट्याला बसभाडे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते, झेरॉक्सचा खर्च असतो. कायद्याचे कागद समजावून सांगणारा माणूसही लागतो. आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी, भूमापक किंवा वकील असतील तर त्यांनी वर्षातले चार दिवस दिले, तरी ते कित्येक रोपांपेक्षा अधिक उपयोगी पडतील.