पैनगंगा पाहावी ती उन्हाळ्यात

किनवटला जायचे तर पावसाळ्यात जा, असे नांदेडकर पाहुण्याला हमखास सांगतात. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा तेव्हा भरात असतो, माहूरकडच्या सागवनांना नवी पालवी असते. सल्ला चांगलाच आहे. पण पैनगंगेचे खोरे समजून घ्यायचे असेल, तर एप्रिल संपता संपता यावे. तेव्हा सहस्रकुंडाला पाणी नसते, काळाकभिन्न कातळ उघडा पडलेला असतो. पात्रात वाळू, गोटे आणि कुठेतरी एखादा हिरवट डोह. आणि अशा कोरड्या नदीच्या काठाने कापसाच्या पऱ्हाट्या, हरभऱ्याची नुकतीच मोकळी झालेली रानं, कडब्याच्या गंजी. नदी आटलेली, तरी पीक घरात गेलेले. हे जमते कसे?

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगांत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते. बराच प्रवास ती मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमा होऊन करते, पुढे महाराष्ट्र आणि तेलंगणाची हद्द होते आणि वर्धा नदीला मिळते. सीमेवरची नदी असल्याने तिच्या काठचे लोकही एका साच्यातले नाहीत. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, इस्लापूर मंडळही बोथ तालुक्यातून इकडे आले. आजही किनवटच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली कानावर पडते.

किनवट-माहूर हा मराठवाड्यातला सर्वांत जास्त पावसाचा भाग. तरीही नदी आटते, याचे पहिले कारण खडकात आहे. दख्खनचा बेसॉल्ट कठीण. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, तेवढेच. चार महिन्यांचा पाऊस नाल्या-ओढ्यांनी भराभर वाहून जातो आणि हिवाळा सरता सरता झरे मंदावतात. दुसरे कारण वरच्या अंगाला आहे. इसापूरचे धरण नदी अडवते आणि तिचे पाणी कालव्यांनी यवतमाळ, हिंगोली, नांदेडच्या शेतांकडे वळते. म्हणूनच उन्हाळा लागला की काठावरची गावे धरणातून नदीत पाणी सोडा, अशी मागणी करतात. दारात नदी असून जनावरांना पाणी पाजायला टँकर शोधावा लागला, तर त्या माणसाने आणखी काय करावे?

पीक मात्र तरते ते मातीमुळे. बेसॉल्ट झिजून झालेल्या या काळ्या मातीत चिकण भरपूर असते आणि तिच्या कणांच्या पापुद्र्यांत पाणी शिरून बसते. वाळलेले ढेकूळ पाण्यात टाकून पाहावे. ते आधी बुडबुडे सोडते, मग फुगते आणि बघता बघता विखरून तळाशी बसते. शेतातही हेच घडते. पावसात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुरी माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसाचे पहिले पाणी त्यांतूनच खोल उतरते. सप्टेंबरचा पाऊस असा मुरला की वाफसा धरून हरभरा किंवा रब्बी ज्वारी पेरायची. भारी जमीन असेल तर एकही पाणी न देता पीक हाती येते. पुस्तकांत याला कोरडवाहू शेती म्हणतात. खरे तर ती जमिनीत साठलेल्या ओलीवरची शेती आहे.

ओल पिकाला पुरते, माणसाला नाही. मांजरा खोऱ्यातही अशीच काळी माती आहे, तरी 2016 च्या उन्हाळ्यात तिथल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

माणसासाठी आणि गुरांसाठी नदीने वेगळी साठवण केलेली असते, ती वाळूत. कोरड्या पात्रात झिरा उकरताना ती दिसते. वरची वाळू पांढरी, पाय भाजणारी. हातभर खाली गेले की तिचा रंग गडद होतो, बाजू ढासळू लागतात, मग तळाशी पाणी हळूहळू गोळा होते. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकतात, थोडे थांबतात. दुसऱ्या खेपेला आलेले पाणी नितळ असते. जाड वाळूच्या कणांमधल्या जागेत तिच्या आकारमानाच्या पाव हिश्शाहून अधिक पाणी मावते, आणि वर ऊन तळपत असले तरी खोलवरच्या त्या पाण्याची वाफ होत नाही. केनियातल्या किटुई भागात लोक अशाच हंगामी नद्यांवर ठेंगणे बांध घालतात, त्यामागे मुद्दाम वाळू साचू देतात आणि वर्षभर तिच्यातले पाणी काढतात. पैनगंगेला ही वाळू निसर्गाने आयती दिलेली आहे.

पण हीच वाळू ट्रॅक्टर-टिपर भरून बाहेर जाते आहे. पात्रातून वाळू उपसली की खाली खडक लागतो, डोह टिकत नाहीत, काठच्या विहिरींची पाणीपातळी उतरते. घर बांधायला वाळू लागते हे खरे, पण तिच्यासोबत एका गावाचे उन्हाळ्याचे पाणी जाते, त्याची नोंद कुठल्याही पावतीवर होत नाही.

किनवट तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेणे या कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि वाळू हे गौण खनिजच आहे. त्यामुळे वाळूघाटाचा लिलाव ठरण्याआधी ग्रामसभेत हा विषय निघाला का, कोरम होता का, इतिवृत्तात काय लिहिले, हे नदीकाठच्या प्रत्येक गावकऱ्याने विचारायला हवे. पाहुण्यानेही एप्रिलमध्ये येऊन झिऱ्याचे पाणी प्यावे आणि तेच विचारावे.