‘बॅलड’ ह्या संज्ञेचे दोन अर्थ आणि एका गीताची दोन वये

एच. ए. अ‍ॅक्वर्थ ह्यांनी १८९४ मध्ये मराठी पोवाड्यांचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केले, तेव्हा पोवाड्यासाठी त्यांनी ‘बॅलड’ हा शब्द योजला. मराठी अभ्यासकाच्या मनात ही जोडी आजही पक्की आहे. लोकपरंपरेतील कथागीत ह्या अर्थापुरती ती योग्यच होय. परंतु जॅझ संगीतात त्याच शब्दाला निराळा अर्थ प्राप्त झाला. तेथे ‘बॅलड’ म्हणजे संथ लयीचे, बहुधा प्रेमविषयक, पुष्कळदा बत्तीस ‘बार’च्या चौकटीत बसविलेले गीत. कथागीतात घटना घडत असते. जॅझमधील बॅलडमध्ये ती घडून गेलेली असते आणि उरलेला परिणाम तेवढा गायिला जातो. पहिल्या प्रकारात गाणारा निवेदक असतो, दुसऱ्यात तो स्वतःच पक्षकार असतो.

ह्या दोन अर्थांमधील अंतर एकाच कलावंताने आपल्या आयुष्यात कापल्याचे ठळक उदाहरण म्हणजे कॅनडात १९४३ साली जन्मलेली गीतकार-गायिका जोनी मिचेल. तिचा आरंभ लोकगीतांच्या परंपरेत, कॉफीगृहांतून एकट्या गिटारच्या साथीने गाण्यात झाला. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओने डावा हात दुबळा झाल्यामुळे तिने गिटारच्या तारा निराळ्या तऱ्हेने जुळविण्याच्या पद्धती अंगीकारल्या. तिच्या स्वररचनेचे वेगळेपण बरेचसे तेथूनच आले. पुढे ती जॅझकडे वळली. १९७९ मधील तिची ‘मिंगस’ ही ध्वनिमुद्रिका चार्ल्स मिंगस ह्यांच्या सहकार्यातून निर्माण झाली. २००० साली आलेल्या ‘बोथ साइड्स नाऊ’ ह्या संग्रहात मात्र ती पूर्णतः बॅलडगायिका म्हणून उभी राहते. एकूण गीते बारा. त्यांपैकी दहा इतरांची, बहुतेक १९२० नंतरच्या तीन दशकांतील, आणि दोन तिची स्वतःची. संगीतयोजना व्हिन्स मेंडोझा ह्यांची, निर्मिती लॅरी क्लाइन ह्यांच्यासह. लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण झाले, आणि हर्बी हॅन्कॉक व वेन शॉर्टर हे तिचे जुने सहकारी साथीला होते. प्रेमसंबंधाचा उदय, ऱ्हास आणि अखेरचा विचार असा गीतांचा अनुक्रम आहे.

ह्या गायकीचे वैशिष्ट्य तालाशी असलेल्या नात्यात आहे. इंग्रजीत शब्दाघात अर्थनिर्णायक असतो, आणि गीतलेखक आघातयुक्त अक्षर तालाच्या ठोक्यावर पडेल अशी योजना करतो. बॅलड गाणारी व्यक्ती ते अक्षर ठोक्यामागे रेंगाळवते. त्यामुळे पद्याची चौकट कानामागे राहते आणि वाक्य बोलण्याच्या जवळ येते. ठुमरीतील बोलबनावाशी ह्याचे साम्य सुचेल, पण ते वरवरचे आहे. बोलबनावात तोच शब्द पुनःपुन्हा घेऊन त्याच्या छटा उलगडल्या जातात. येथे शब्द एकदाच येतो, फक्त उशिरा येतो. मराठीत आघाताला असे अर्थनिर्णायक स्थान नसल्यामुळे ही खुबी मराठी श्रोत्याच्या ध्यानात प्रथम येत नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरा विषय मात्र संग्रहाला नाव देणारे अखेरचे गीत हा होय. ते १९६७ साली लिहिले गेले, तेव्हा कवयित्रीचे वय तेवीस होते. जूडी कॉलिन्स हिने ते त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केले. स्वतः मिचेलने १९६९ मध्ये ‘क्लाउड्स’ ह्या ध्वनिमुद्रिकेत, केवळ गिटारवर गायिले. ढग, प्रेम आणि जीवन ह्या तीन विषयांकडे प्रत्येकी दोन बाजूंनी पाहून, आपल्याला त्यांचे खरे ज्ञान झालेच नाही, अशी कबुली त्यात आहे. पाहण्याचे क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात आहे: क्रिया मागे घडली, तिचे फळ बोलण्याच्या क्षणी हाती आहे. मराठीतील ‘पाहिले’ आणि ‘पाहिले आहे’ ह्यांमध्ये हाच भेद आहे. शीर्षकातच ‘आता’ ह्या अर्थाचा शब्द आहे. ‘मी’ आणि ‘आता’ हे असे शब्द आहेत की ज्यांचा निर्देश बोलणारा व बोलण्याचा क्षण ठरल्याशिवाय निश्चित होत नाही. रोमान याकोबसन ह्यांनी १९५७ मध्ये अशा शब्दांचे विवेचन केले, ते प्रसिद्ध आहे.

तेवीस वर्षांच्या मुलीने दोन्ही बाजू पाहिल्याचा दावा करणे, हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी ऐकणाऱ्याला किंचित अकाली वाटते. तरुण आवाजात ते भाकीत ठरते. छप्पन्नाव्या वर्षी, दीर्घकाळच्या धूम्रपानाने खोल व खरखरीत झालेल्या, वरचे स्वर गमावलेल्या आवाजात तेच शब्द साक्ष होतात. संहितेचा आशय बदलला नाही, निर्देश बदलला. पहिले ध्वनिमुद्रण सुमारे साडेचार मिनिटांचे, दुसरे सुमारे पावणेसहा मिनिटांचे. वाढलेला वेळ शब्दांपूर्वीच्या थांबण्यात आणि वाद्यांच्या विस्तारात गेला आहे. आवाज ‘खराब झाला’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे ध्वनिशास्त्रदृष्ट्या खोटे नाही; पण ह्या गीतापुरती ती हानी अर्थाच्या बाजूला जमा होते.

सर्व संग्रहाविषयी असे म्हणता येणार नाही. ‘यू हॅव चेंज्ड’ ह्या गीतात बिली हॉलिडे ह्यांच्या १९५८ मधील ‘लेडी इन सॅटिन’ची छाया जाणवते; तेथेही थकलेला आवाज आणि तंतुवाद्यांचा समूह अशीच जोडणी होती. इतरांच्या गीतांत मिचेलचा ‘मी’ उसना वाटतो, आणि काही ठिकाणी वाद्यवृंदाची श्रीमंती शब्दांवर दाटते. १९७१ मधील स्वतःचे ‘अ केस ऑफ यू’ हे गीत येते तेव्हा मात्र ‘मी’ पुन्हा जागेवर येतो. २००१ च्या ग्रॅमी पारितोषिकांत संग्रहाला, तसेच शीर्षकगीताच्या संगीतयोजनेसाठी मेंडोझा ह्यांना, पुरस्कार मिळाला.

२०१५ मध्ये मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने मिचेलचे चालणेबोलणे थांबले आणि तिला ते पुन्हा शिकावे लागले. २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, आणि २०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ग्रॅमी समारंभाच्या व्यासपीठावर तिने हेच गीत खुर्चीत बसून गायिले.