शाळेनें पालकांस काय कळवावें ?

शाळेकडून घरीं जाणारीं पत्रें बहुधा फी, परीक्षा, सहल, स्नेहसंमेलन अशाच विषयांचीं असतात. शाळेच्या आवारांत एखादा गुन्हा घडला, किंवा कांहीं विद्यार्थी मादक पदार्थांच्या नादीं लागल्याचें आढळलें, तर तें पालकांस कळवावें कीं नाहीं, कळवावयाचें तर कोणास, किती व केव्हां, हा प्रश्न मात्र फार थोड्या शाळांनीं आगाऊ सोडवून ठेविलेला असतो. प्रसंग येतो तेव्हां तो घाईनें व भीतीच्या भरांत सोडविला जातो. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत लाउडन नांवाची एक कौंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग, आहे. राजधानी वॉशिंग्टनच्या वायव्येस असलेल्या या सधन मुलुखांत भारतांतून गेलेलीं पुष्कळ कुटुंबें राहतात. गेल्या कांहीं वर्षांत हा प्रश्न त्या एकाच कौंटींत दोनदां उभा राहिला व दोन्ही वेळां तेथील शाळाखात्याची नाचक्की झाली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. तिच्यांत आपणां सर्वांच्या विचारासारखें पुष्कळ आहे.

प्रथम तेथील व्यवस्था थोडक्यांत सांगूं. अमेरिकेंत सरकारी शाळांचा कारभार दिल्लीसारख्या एका ठिकाणाहून चालत नाहीं. देशाचे सुमारें १३ हजार शाळाविभाग पाडलेले आहेत. बहुतेक विभागांत लोकांनीं निवडून दिलेलें एक बोर्ड असतें व तें आपल्या हाताखालीं सुपरिंटेंडेंट नांवाचा अधिकारी नेमतें. एकट्या लाउडनच्या शाळांत सुमारें ८० हजार विद्यार्थी शिकतात. बोर्डाच्या सभा उघड भरतात, आणि कोणीही पालक तेथें उभा राहून दोन शब्द बोलूं शकतो. तो मतदारही असतो व करदाताही असतो. तेव्हां शाळेनें त्यास खरें सांगणें ही मेहेरबानीची बाब नसून हिशेब देण्याची बाब आहे, अशी तेथील लोकांची समजूत आहे.

पहिला प्रसंग २०२१ सालचा. त्या वर्षीं २८ मे रोजीं ॲशबर्न येथील स्टोन ब्रिज हायस्कुलांत एका विद्यार्थिनीवर शाळेंतीलच एका मुलानें अत्याचार केला. तिचे वडील शाळेंत आले. जें ऐकिलें त्यानें त्यांचा तोल सुटला, कचेरींत आरडाओरड झाली व पोलिसांस बोलवावें लागलें. त्याच दिवशीं सायंकाळच्या सुमारास शाळेनें सर्व पालकांस पत्र धाडिलें. कचेरींत कांहीं प्रकार घडला, त्याकरितां पोलीस आले होते, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेस धोका नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. मुलीवर काय गुदरलें याचा त्यांत उल्लेख नव्हता. बाप ओरडला हें घरोघर कळलें. तो कां ओरडला हें कोणास कळलें नाहीं.

सुटी संपल्यावर त्या मुलास ब्रॉड रन नांवाच्या दुसऱ्या हायस्कुलांत घालण्यांत आलें. तेथील पालकांस याची वार्ताही नव्हती. ६ ऑक्टोबर रोजीं त्या शाळेंत दुसऱ्या एका मुलीवर तसाच प्रसंग आला. पुढें एका खास ग्रँड ज्यूरीनें, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या चौकशीमंडळानें, सर्व प्रकरण खोदून काढिलें. तिचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला व त्याच आठवड्यांत बोर्डानें सुपरिंटेंडेंटास बडतर्फ केलें. या अहवालांतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. अधिकारी व बोर्डाचे सभासद यांनीं संगनमत करून ही गोष्ट दडपली, असें ज्यूरीस आढळलें नाहीं. अवघड प्रसंगास पुरतें तोंड न देतां तो कसाबसा मागें टाकावयाचा, अशी त्या संस्थेची वृत्तिच झाली होती, असें तिचें म्हणणें पडलें. ज्यांनीं कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलींत दहा वर्षें काढिलीं आहेत, त्यांस हें वाचून फारसें नवल वाटणार नाहीं.

दुसरा प्रसंग २०२३ च्या शरद ऋतूंतला, त्याच कौंटीच्या स्टर्लिंग गांवच्या पार्क व्ह्यू हायस्कुलांतला. तो समजण्यास फेंटॅनिल या द्रव्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. फेंटॅनिल हें मूळचें शस्त्रक्रियेच्या वेळीं व असह्य वेदनांवर देण्याचें औषध. मॉर्फीनच्या सुमारें १०० पट व हेरॉइनच्या ५० पट तें जलाल आहे; अवघे २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या कांहीं कणांएवढें, प्राणघातक ठरूं शकतें. चोरटे व्यापारी तें पिठांत मिसळून, औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या वेदनाशामक गोळीसारखी हुबेहूब गोळी पाडतात. एका गोळींत किती विष उतरलें व शेजारच्या गोळींत किती, हें विकणाऱ्यासही ठाऊक नसतें. १४ ते १८ वर्षांच्या मुलांत मादक द्रव्यांच्या अतिसेवनानें झालेले मृत्यु अमेरिकेंत २०१९ सालीं ४९२ होते. २०२० सालीं ते ९५४ झाले. त्या काळांत विद्यार्थ्यांमधील व्यसनाचें प्रमाण वाढलेलें नव्हतें. बाजारांतील गोळ्या मात्र बदलल्या होत्या.

पार्क व्ह्यूचे आठ-नऊ विद्यार्थी कांहीं आठवड्यांच्या अवधींत अशा गोळ्यांनीं बेशुद्ध झाले, त्यांपैकीं कित्येक शाळेच्या आवारांतच. ऑक्टोबरच्या अखेरीस शेरीफच्या कचेरीनें हें जाहीर केलें तेव्हां बहुतेक पालकांस पहिल्यानें कळलें. दुसऱ्याच दिवशीं, १ नोव्हेंबर २०२३ रोजीं, गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनीं हुकूम काढिला कीं, शाळेशीं संबंध असलेला असा कोणताही प्रकार २४ तासांच्या आंत पालकांस कळविला जावा. येथील शाळेनें पालकांस कळविण्यास २० दिवसांहून अधिक लाविले, असा ठपका त्या हुकुमांतच ठेविलेला आहे.

वीस दिवस म्हणजे फार नव्हेत, असें कोणी म्हणेल. परीक्षेच्या निकालास याहून अधिक लागतात. पण बनावट गोळ्यांचा एक घाणा गांवांत आला कीं तो एकाच मुलाच्या हातीं पडत नाहीं. आज एकजण बेशुद्ध झाला, याचा अर्थ उद्यां दुसऱ्याच्या दप्तरांत तीच गोळी असण्याचा संभव आहे. पालकांस त्याच सायंकाळीं कळलें तर ते मुलास जवळ बसवून विचारतील, खिसे पाहतील, आणि नॅलॉक्सोन नांवाचें उताऱ्याचें औषध घरांत आणून ठेवतील. हें औषध नाकांत फवारतात. श्वास मंद होऊन ओठ निळे पडलेल्या माणसास तें दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर आणूं शकतें, मात्र रुग्णवाहिका तरीही बोलवावीच लागते. २०२३ पासून अमेरिकेंत तें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकत मिळूं लागलें आहे. इतकी सोय हाताशीं असतां, ती वापरण्याची वेळ आली आहे एवढीच गोष्ट पालकांस ठाऊक नव्हती.

मग शाळा गप्प कां बसतात ? विचारिलें असतां उत्तर मिळतें तें बहुधा कायद्याचें. अमेरिकेंत १९७४ सालीं विद्यार्थ्यांच्या शालेय कागदपत्रांसंबंधीं एक कायदा झाला. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बक्ली हे त्याचे पुरस्कर्ते. त्या कायद्यानें पालकांस आपल्या मुलाचे कागद ४५ दिवसांच्या आंत पाहण्याचा हक्क दिला, व परक्यांस ते दाखविण्याची शाळांस मनाई केली. म्हणजे तो मूळचा पालकांकरितां दार उघडणारा कायदा. परंतु कालांतरानें तोच पुढें करून दार लावून घेण्याची रीत कित्येक शाळांनीं पाडिली. वास्तविक तो कागदपत्रांस लागू आहे. शिक्षकानें स्वतः डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीस तो लागू नाहीं. आणि जीवितास धोका असेल तेव्हां आवश्यक तेवढी माहिती देण्याची त्यांत मोकळीक आहे. मुलाचें नांव न घेतां व ओळख न पटूं देतां ‘आपल्या शाळेंत गेल्या आठवड्यांत दोन विद्यार्थी फेंटॅनिलनें बेशुद्ध झाले’ असें लिहिण्यास तो कायदा आड येत नाहीं. नांव ही एक गोष्ट व घटना ही दुसरी. या दोहोंची गल्लत कांहीं जण अजाणतां करितात, कांहीं जण सोयीस्करपणें.

कॉलेजांच्या बाबतींत ही गल्लत तेथें पूर्वींच दूर झाली आहे. ५ एप्रिल १९८६ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहांत जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. त्या विद्यापीठांत आधींच्या तीन वर्षांत अनेक हिंसक गुन्हे घडले होते, हें तिच्या आईबापांस मुलीच्या मृत्यूनंतर कळलें. ठाऊक असतें तर आम्हीं तिला तेथें पाठविलीच नसती, असें म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. त्यांच्या खटपटीनें १९९० सालीं कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजास आतां दर वर्षीं गुन्ह्यांचे आंकडे छापावे लागतात, रोजची नोंदवही खुली ठेवावी लागते, व धोका चालू असेल तर वेळींच इशारा द्यावा लागतो. हा कायदा शाळांस लागू नाहीं. अठरा वर्षांच्या मुलाच्या बापास जें हक्कानें मिळतें, तें चौदा वर्षांच्या मुलाच्या बापास मिळत नाहीं, ही विसंगति आम्हांस तरी समर्थनीय वाटत नाहीं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाहीं. शाळेंतील प्रत्येक आगळीक पोलिसांच्या वहींत गेली, तर गरिबांचीं व कृष्णवर्णीयांचीं मुलें क्षुल्लक कारणांवरून कोर्टाच्या पायऱ्या चढूं लागतात, असा तेथील अनुभव आहे. या विचारानेंच व्हर्जिनियानें २०२० मध्यें लहानसहान गुन्हे पोलिसांस कळविण्याची मुख्याध्यापकांवरील सक्ति काढिली, आणि २०२२ मध्यें, पालकांच्या असंतोषानंतर, ती पुन्हां घातली. शिवाय आंकड्यांचा एक खोडसाळ गुण आहे. जी शाळा प्रामाणिकपणें मोजते ती वाईट दिसते, व जी डोळे मिटते ती चांगली दिसते. २००२ च्या एका केंद्रीय कायद्यानें ‘सतत धोकादायक’ अशा शाळांची यादी करावयास सर्व राज्यांस सांगितलें होतें. राज्यांनीं आपापल्या व्याख्या इतक्या अरुंद केल्या कीं, एवढ्या विशाल देशांत नांवें निघालीं तीं हाताच्या बोटांनीं मोजण्यासारखीं. बहुतेक राज्यांनीं तर आपल्याकडे अशी एकही शाळा नाहीं असेंच कळविलें. पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें. एखाद्या शाळेनें ‘आम्हांस यंदां चार प्रकार आढळले’ असें लिहिलें म्हणून मुलास तेथून काढून, कांहींच न लिहिणाऱ्या शाळेंत घातलें, तर पुढील वर्षीं पहिली शाळाही कांहीं लिहिणार नाहीं.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यानें मुलास अमली पदार्थ, दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे, आणि त्याच कायद्यानें अशा प्रकरणांतील मुलाचें नांव उघड करण्यास मनाई केली आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचार पोलिसांस न कळविणें हा २०१२ च्या कायद्यान्वयें स्वतंत्र गुन्हाच आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथें पालक व नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले, त्याच्या मुळाशीं शाळेच्या दिरंगाईचाच संताप होता. तथापि हे कायदे बोलतात ते मुख्यतः पोलिसांस कळविण्याविषयीं. इतर मुलांच्या आईबापांस काय सांगावें, हें बहुतांशीं शाळेच्या विवेकावरच राहतें; आणि त्या विवेकाचा आमचा स्वतःचा अनुभव लिहिल्यावांचून हा लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत होतों. दिवाळीच्या सुटीपूर्वीं नववीचीं तीन मुलें सायकलींच्या छपरामागें रुमाल नाकाशीं धरून बसलेलीं सांपडलीं. शाईचे डाग पुसण्याच्या पांढऱ्या द्रवाची बाटली व तो पातळ करण्याचें रसायन त्यांच्यापाशीं होतें. तें हुंगल्यानें नशा येते, आणि क्वचित् हृदय एकाएकीं बंद पडतें. तिघांच्या पालकांस बोलावून समज देण्यांत आली. इतर पालकांस कळवावें कीं काय, अशी शिक्षकांच्या सभेंत चर्चा निघाली. शाळेचें नांव जाईल, जूनमध्यें प्रवेश कमी होतील, मुलांचा बोभाटा होईल, असें ठरून विषय मिटला. आम्हीं त्या सभेंत होतों. आम्हीं विरोध केला नाहीं.

जानेवारींत सातवींतला एक मुलगा घरीं निपचित पडलेला आढळला. तो वांचला. आठवड्यानें त्याचे वडील शाळेंत आले व आमच्यासमोर बसले. त्यांनीं आवाज चढविला नाहीं. ‘सर, शाळेंत हें चालतें, हें तुम्हांला केव्हां कळलें होतें ?’ एवढेंच त्यांनीं विचारिलें. आम्हीं सांगितलें, दिवाळीपूर्वीं. ते कांहीं वेळ खालीं पाहत राहिले. मग म्हणाले कीं, दिवाळीनंतर मुलानें तशा दोन बाटल्या मागितल्या होत्या, आणि अक्षर सुधारण्याकरितां मागत असेल असें समजून दोन्ही आपणच त्याला दुकानांतून आणून दिल्या.