नापास होण्याची ऐपत

यंदा घरी आलेल्या एका दिवाळी अंकाची श्रेयनामावली मी दोनदा वाचली. अक्षरजुळणी कोणाची ते आहे, मुद्रितशोधन कोणाचं ते आहे, जाहिराती मिळवून देणाऱ्यांचे आभार आहेत. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं कोणाची, ते नाही. ती कोणीच काढलेली नाहीत. संगणकाला चार ओळी सांगून काढून घेतली आहेत. संपादक ओळखीचे, म्हणून फोन केला. म्हणाले, "अहो, चित्रकाराला द्यायला पैसे कुठं उरतात? आणि वाचकाला काय फरक पडतो?" वाचकांचं वाचक बघतील. मला आठवली ती त्या पानांवर पहिलं काम मिळवू शकली असती अशी विशीतली पोरं.

त्याच आठवड्यात एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला माझ्याच पिढीचे एक चित्रकार हातात चहाचा कप घेऊन सांगत होते, की आजकालच्या मुलांना नकार पचवता येत नाही, आम्ही बघा कसे टिकलो. आम्ही कसे टिकलो ते मला चांगलं माहीत आहे. ते सांगायला हवं.

शाळा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा, ए ग्रेड, शेजाऱ्यांचं कौतुक हा भाग सगळ्यांचा सारखाच असतो, तो सोडून देतो. मी चित्रकला शिकायला कोल्हापूरहून मुंबईला आलो १९८५ साली. तिथून पुढची दहा वर्षं म्हणजे नकारांचीच. मुंबईतल्या एका जुन्या कलासंस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र द्यायचं. फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून लोकलच्या मालडब्यातून न्यायची, पावती घ्यायची. मग निवडलेल्यांची यादी लागायची आणि त्यात आपलं नाव नसायचं. पावती दाखवून चित्र परत घ्यायचं आणि त्याच मालडब्यातून आणायचं. जाताना कोळणी विचारायच्या, "देवाचा फोटो हाय काय?" येताना कोणी विचारू नये असं वाटायचं. जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला तर तारीख मिळायची ती काही वर्षांनंतरची. तिथंच पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी होती, तिचा जिना चढण्याचं धाडस बरीच वर्षं झालं नाही. खाली समोवार कॅफेमध्ये एका चहावर दुपार काढता येई, आणि शेजारच्या टेबलावर थोर मंडळी एकमेकांच्या चित्रांबद्दल काय बोलतात ते कानावर पडे. माझं अर्धं कलाशिक्षण तिथलं.

पण चहाचे पैसे कुठून यायचे? खरी गोष्ट ती आहे. दादरच्या एका बॅनर स्टुडिओत मी रात्री कामाला जात असे. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी कापडावर खडूच्या दोरीनं मारायच्या आणि हिरोचा डोळा माणसाएवढा रंगवायचा. जवळून नुसते जांभळे-पिवळे फटकारे दिसत. रस्त्यापलीकडून पाहिलं की माणूस रागावलेला दिसे. छायाप्रकाश मला कॉलेजच्या लाईफ क्लासपेक्षा तिथं जास्त कळला. आमचे एक प्राध्यापक म्हणत, बॅनरवाल्यांकडे जाऊ नका, हात बिघडतो. कोल्हापूरच्या पोराला हे पटणं कठीण होतं. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवतच सिनेमापर्यंत पोचले होते, आणि हुसेन यांनी याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती. प्राध्यापकांचा स्वतःचा हात कधी बिघडला नाही, कारण तो कधी चाललाच नाही. इतक्या वर्षांनी हे लिहायला हरकत नाही.

श्रावण लागला की दिवाळी अंकांची कामं येत. क्रोक्विलचं निब, काळी शाई, आणि संध्याकाळी हातात पडलेल्या कथेचं चित्र सकाळी हवं. मानधन बेताचं, तेही काही संपादक पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवत. एकानं तर अजून दिलेलं नाही. तरी पानाच्या कोपऱ्यात आपली सही छापून येई. प्रदर्शनाची यादी लागायची त्या दिवशी ती सही उपयोगी पडे. माझे दोन मित्र एटीडी करून शाळांत चित्रकलेचे शिक्षक झाले आणि मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःची चित्रं काढू लागले. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकारानंसुद्धा विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली, हे आम्हाला माहीत होतं. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० साली आलं तेव्हा आम्ही एकच प्रत सगळ्यांत फिरवली. १९९५ साली बरवे गेले. माझ्या हिशेबात ते दशक तिथं संपलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम मिळत गेलं, चित्रं विकली जाऊ लागली, केस गेले.

दरम्यान ते सगळे आधार एकेक करून गेले. नव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लेक्स आला आणि बॅनर स्टुडिओ बंद पडत गेले. आता चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत आणि ते एकाही चित्रकाराला जगवत नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं उच्च प्राथमिक शाळेत कलेसाठी ठेवला तो अंशकालीन निदेशक, तोही शंभराहून जास्त मुलं असतील तर. केमोल्ड २००७ मध्ये काळा घोड्याहून हलली, समोवार ३१ मार्च २०१५ रोजी बंद झालं. राहिली होती दिवाळी अंकांची पानं.

मुलांना धीर देताना हल्ली सगळे चित्रकार गायतोंडेंचं नाव घेतात. बघा, २०१३ च्या लिलावात २३ कोटींच्या वर किंमत आली! अहो, गायतोंडे २००१ सालीच वारले. त्या कोटींतला रुपयाही त्यांना दिसला नाही. हे उदाहरण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरीला कोणत्या तोंडानं देता? नकार पचायला सोशिक मन लागतं, कबूल. पण त्याआधी महिन्याची खानावळ भागावी लागते. आमची भागत होती, म्हणून आम्ही पुन्हा फ्रेम गुंडाळून मालडब्यात चढू शकलो. त्यात आमची थोरवी फारशी नव्हती. आजची मुलं नकारानं खचतात असं मला दिसत नाही. नकारानंतर दुसऱ्यांदा प्रयत्न करायला लागणारे सहा महिने त्यांना कोणी देत नाही.

तेव्हा संपादकांना एवढीच विनंती. पुढच्या दिवाळीत निदान चार कथांची चित्रं विशीतल्या कोणाकडून तरी काढून घ्या. आवडली नाहीत तर का नाहीत ते सांगा आणि पुन्हा काढायला लावा. त्यांची नावं छापा. आणि मानधन अंकाबरोबरच पाठवा.