शाबानमध्येच लघवी तपासा

रोजे जवळ आले की आपण अब्बांची साखर तपासतो, गोळ्यांच्या वेळा विचारतो. लघवीची तपासणी मात्र राहून जाते. ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढे वाचून आपण निर्धास्त होतो. पण किडनीचे निम्मे काम मंदावेपर्यंत तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. लघवीतून जाणारे अल्ब्युमिन बहुधा त्याआधीच सापडते. सकाळच्या लघवीचा ‘एसीआर’ 30 मिलिग्रॅमच्या वर आला तर घाबरू नये, तापातही तो वाढतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा. सोबत ईजीएफआर पाहावा. मधुमेह असेल तर हे दरवर्षी हवे. बिघाड निघाला तर रोज्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारू. आजाऱ्याला सूरह बकराच्या 184व्या आयतीत सवलत आहेच. अम्मींना ती पटवणे, हे खरे कठीण काम!